"कालपर्यंत तं चालत होतं!": जुन्या मल्टीव्हॅल्यू सिस्टिमवर प्रोग्राम कंपाइल होत नाही तेव्हा

दिवाळी झाली की हिंगणघाट, वणी, पांढरकवड्याच्या पट्ट्यात कापसाच्या गाड्या लागतात, आणि जिनिंगच्या ऑफिसात नेमका त्याच वेळी कुणाला तरी प्रोग्राममध्ये बदल हवा असतो. हमालीचा दर वाढला. ओलाव्याची कपात पावतीवर वेगळी दाखवायची. शेतकऱ्याचा खाते क्रमांक छापायचा. बदल दोन ओळींचा असतो, पण कंपाइल केलं, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल असा करून घेतला, की पडद्यावर चुकांची रांग लागते आणि मागून दिवाणजी विचारतात, "काऊन भाऊ, कालपर्यंत तं चालत होतं!"

त्या रांगेतून वाट कशी काढायची, ते इथे क्रमाने लिहितो. मल्टीव्हॅल्यू म्हणजे एका खान्यात अनेक किमती ठेवू देणारी डेटाबेसची रचना, आणि युनिव्हर्स, युनिडेटा, डी-थ्री, जेबेस ही तिची उत्पादनं. मुख्यतः युनिव्हर्स डोळ्यापुढे ठेवलं आहे. युनिडेटा, डी-थ्री, जेबेस जिथे वेगळे वागतात तिथे तसं सांगेन. आज्ञा आणि कोड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत. पडद्यावर ते रोमन मोठ्या अक्षरांतच टाइप करायचे, हे गृहीत धरा.

थोडी पार्श्वभूमी आधी, कारण निम्म्या चुकांचं मूळ तिथे आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या टीआरडब्ल्यू कंपनीत डॉन नेल्सन आणि डिक पिक यांनी लष्कराच्या शायेन हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला ही रचना उभी केली. १९७३ मध्ये मायक्रोडेटा कंपनीने ती 'रिअ‍ॅलिटी' नावाने बाजारात आणली. पुढे ज्याने परवाना घेतला किंवा नक्कल केली, त्याने आपल्या सोयीने बेसिक भाषा थोडी थोडी वळवली. म्हणून आज 'पिक बेसिक' ही एक भाषा नसून एका घराण्यातल्या दहा बोली आहेत. युनिव्हर्स आणि युनिडेटा २००९ पासून रॉकेट सॉफ्टवेअरकडे आहेत, पुढे डी-थ्री आणि जेबेसही तिकडेच गेले. पण मालक एक झाला म्हणून बोली एक झाली नाही.

दिवाणजींचं वाक्य हसण्यावारी नेऊ नका. काल चालत होतं आणि आज नाही, म्हणजे मध्ये काहीतरी बदललं. प्रोग्राम बदलला, किंवा प्रोग्रामने आत ओढलेली दुसरी फाइल (इनक्लूड) बदलली, किंवा कंपाइलर नाहीतर अकाउंटची बोली बदलली, किंवा खालची जागा, परवानग्या, मशीन बदललं. पुढची सगळी शोधाशोध या चारांतलं नेमकं कोणतं, एवढ्याच प्रश्नाभोवती फिरते.

हात लावण्याआधी

चालू हंगामात लाइव्ह अकाउंटमध्ये 'बघू तरी' म्हणून कंपाइल करू नका. सोर्सची, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामची, प्रत वेगळ्या फाइलमध्ये घ्या. समजा मूळ प्रोग्राम 'बीपी' या फाइलमध्ये आहे, तर 'बीपी.टेस्ट' नावाची टाइप १ किंवा १९ ची (डिरेक्टरीसारखी) फाइल बनवून प्रोग्राम तिथे कॉपी करा. युनिव्हर्स ऑब्जेक्ट कोड (कंपाइल होऊन निघालेला) सोर्स फाइलच्या नावापुढे '.ओ' लावलेल्या फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे प्रतीचा ऑब्जेक्ट 'बीपी.टेस्ट.ओ' मध्ये पडतो आणि काट्यावरच्या माणसाचा चालू प्रोग्राम सुखरूप राहतो. युनिडेटात ऑब्जेक्ट सोर्सच्याच डिरेक्टरीत, नावाआधी अंडरस्कोर लावून पडतो. जेबेसमध्ये आधी डॉलरचं चिन्ह लागतं. डी-थ्रीत तो बीपीच्या डिक्शनरीच्या बाजूला जातो. नियम सगळीकडे एकच: प्रत वेगळ्या फाइलमध्ये, त्याच फाइलमध्ये नाव बदलून नव्हे.

मग पडद्यावरचं सगळं टिपायची सोय करा. युनिव्हर्सवर

कोमो ऑन चूक१
बेसिक बीपी.टेस्ट पावती.छापा
कोमो ऑफ

एवढं केलं की आलेला सगळा मजकूर '&कोमो&' फाइलमध्ये 'चूक१' नावाने राहतो. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून पाठवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, कारण फोटोत नेहमी शेवटच्या चोवीस ओळी असतात आणि कामाची असते ती पहिली.

प्रोग्राम बिघडला की घर बिघडलं?

हे ठरवायला दोन मिनिटं लागतात आणि तेवढ्याने अर्धा दिवस वाचतो. तीन ओळींचा प्रोग्राम लिहा: एका व्हेरिएबलला आकडा द्या, तो क्रट करा (पडद्यावर छापा), एंड लिहा. तो कंपाइल झाला नाही तर तुमच्या पावतीच्या प्रोग्राममध्ये डोकं घालण्यात अर्थ नाही. झाला, तर ज्याला वर्षभर कुणी हात लावलेला नाही अशा एखाद्या मोठ्या प्रोग्रामची प्रत कंपाइल करा. तोही पडला, तर संशय इनक्लूड फाइलवर किंवा बोलीवर न्या.

घरच बिघडलं असेल तर बघायच्या जागा मोजक्या आहेत.

सिस्टिम 'बीपी ही फाइलच नाही' असं म्हणत असेल, तर व्हॉकमधली (अकाउंटच्या नावांच्या यादीतली) नोंद गेली आहे, किंवा ती ज्या डिरेक्टरीकडे बोट दाखवते ती हलली आहे. लिनक्सवर आणल्यानंतर हे हमखास होतं. व्हॉकमध्ये नाव मोठ्या अक्षरांत, डिस्कवर छोट्या अक्षरांत, आणि लिनक्स दोन्ही वेगळं मानतो.

कंपाइल शेवटपर्यंत जाऊन ऑब्जेक्ट लिहिताना अडकत असेल, तर परवानगी तपासा. कुणीतरी एकदा रूट (सर्व अधिकार असलेला युजर) म्हणून लॉगिन करून कंपाइल केलं की त्या ऑब्जेक्टची मालकी रूटकडे जाते, आणि मग साध्या युजरला तो पुसून लिहिता येत नाही. एकच प्रोग्राम अडतो आणि बाकीचे चालतात, तेव्हा बहुतेक वेळा हेच असतं.

डिस्क भरलेली असू शकते. प्रिंट स्पूलच्या जुन्या फाइली कुणी पुसत नाही.

वीज गेली आणि इन्व्हर्टरने साथ दिली नाही, तर सेव्ह होत असलेला सोर्स शून्य बाइटचा होऊन बसतो. 'एलएस -एल' ने आकार बघा. शून्य असेल तर तो दुरुस्त करायचा नसतो, बॅकअपमधून आणायचा असतो. तारखा बघताना सावध राहा. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असली तर वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि मग आज केलेला ऑब्जेक्ट जुन्या सोर्सच्याही आधीचा दिसतो.

जेबेसच्या जुन्या रचनेत बेसिकचं आधी सी भाषेत रूपांतर होतं आणि ते सी कंपाइलरकडे जातं. तिथे मशीन नव्याने भरल्यावर एकूण एक प्रोग्राम पडत असेल, तर सी कंपाइलर टाकायचा राहिला आहे किंवा पाथमध्ये नाही, हे आधी तपासा.

पहिली चूक वाचा, बाकीच्या सोडा

युनिव्हर्स कंपाइल करताना दर दहा ओळींमागे एक तारा दाखवतो. त्या दहा ओळींत चूक असली तर ताऱ्याऐवजी प्रश्नचिन्ह येतं. चुकीची ओळ छापून खाली टोकदार खूण करतो, काय अनपेक्षित आलं आणि काय अपेक्षित होतं तेही लिहितो. शेवटी इतक्या चुका सापडल्या, ऑब्जेक्ट कोड तयार झाला नाही, असं सांगतो.

नवा माणूस शेवटचा आकडा बघून घाबरतो. एका न मिटलेल्या अवतरणचिन्हाने ऐंशी चुका दिसू शकतात, आणि त्यातल्या एकोणऐंशी खोट्या असतात. म्हणून पहिली चूक घ्या, ती मिटवा, पुन्हा कंपाइल करा. एका फेरीत पाच ठिकाणी हात घातलात तर कशाने काय सुटलं ते कळत नाही, आणि सुटत असलेलं परत बिघडवून ठेवण्याची शक्यता जास्त.

दुसरं, टोकदार खूण जिथे आहे तिथे चूक असेलच असं नाही. तिथे कंपाइलरला कळलं की वाट चुकली. वाट सुटली असेल कितीतरी मागे. त्यामुळे दाखवलेली ओळ, तिच्या वरची ओळ, आणि तिथून वर जाताना शेवटचं अवतरणचिन्ह किंवा शेवटचं 'देन', या क्रमाने डोळे फिरवा. दाखवलेली ओळ प्रोग्रामची अगदी शेवटची असेल, तर चूक जवळपास नक्कीच न मिटलेल्या ब्लॉकची आहे.

न दिसणारी अक्षरं

आमच्या भागातल्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात, म्हणून यावर जरा रेंगाळतो.

दुरुस्ती बहुतेक वेळा नागपूर-पुण्याला बसलेला कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. इकडचा मुलगा ती कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकतो, तिथून पेन ड्राइव्हने सर्व्हरवर. या प्रवासात ओळी दिसायला तशाच राहतात, पण आतून बदलतात. सरळ अवतरणचिन्हाचं वळलेलं अवतरणचिन्ह होतं. वजाबाकीच्या खुणेचा लांब डॅश होतो. साध्या स्पेसच्या जागी न तुटणारी स्पेस येते. आणि विंडोजमधून आलेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅर(१३), म्हणजे १३ क्रमांकाचं न दिसणारं अक्षर, चिकटलेलं असतं, ज्यामुळे अख्ख्या प्रोग्रामची प्रत्येक ओळ चूक म्हणून येऊ शकते. सगळ्याच ओळींवर एकसारखी तक्रार दिसली की भाषेचा विचार करूच नका, हे अक्षर शोधा.

कसं शोधायचं? युनिव्हर्सच्या ईडी एडिटरमध्ये नुसतं ^ हे चिन्ह टाइप करून एंटर दाबा. न छापता येणारी अक्षरं ^ आणि त्यापुढे दशमान आकडा अशी दिसू लागतात. ओळीच्या शेवटी ^०१३ दिसलं की काम झालं. लिनक्सवरून बघायचं तर 'कॅट -व्ही' वापरा: ओळीअखेरची कॅर(१३) तिथे ^एम अशी दिसते, आणि वळलेली अवतरणचिन्हं 'एम-बी' ने सुरू होणाऱ्या विचित्र रांगेसारखी. कॅर(१३) घालवायला 'डॉसटूयुनिक्स' पुरेसं आहे. वळलेली चिन्हं मात्र हाताने, त्या ओळी पुन्हा टाइप करून काढलेली बरी, दोन-चारच असतात.

याहून वाईट प्रकार डिलिमिटरचा. मल्टीव्हॅल्यूचा सगळा डोलारा काही मोजक्या अक्षरांवर उभा आहे: कॅर(२५४) ने अ‍ॅट्रिब्यूट वेगळे होतात, २५३ ने व्हॅल्यू, २५२ ने सबव्हॅल्यू. एका शेतकऱ्याच्या पावतीत तिसऱ्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये त्या दिवशीच्या तीन गाड्यांची वजनं आणि चौथ्यात तीन दर ठेवायचे, तर मधल्या भिंती २५३ च्या असतात. जुन्या प्रोग्रामरनी काही ठिकाणी ही अक्षरं अवतरणचिन्हांत थेट टाइप करून ठेवलेली असतात. असा सोर्स आजच्या एडिटरमध्ये उघडून यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केला की त्या एका बाइटचे दोन बाइट होतात किंवा त्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन येऊन बसतो. कंपाइल कधी अडतं, कधी अडत नाही. अडलं नाही तर पावतीवर तीन गाड्यांऐवजी एकच अगडबंब गाडी छापली जाते. उपाय कायमचा करा: अशा जागी वर एकदा

इक्वेट व्हीएम टू कॅर(२५३)

लिहा आणि सगळीकडे व्हीएम वापरा. युनिव्हर्स-युनिडेटात @एफएम, @व्हीएम, @एसएम तयारच असतात.

प्रोग्राममध्ये मराठी मजकूर छापायचा असतो तेव्हा लोक घाबरतात की यूटीएफ-८ देवनागरी या भिंतींना धडकेल. तसं होत नाही. यूटीएफ-८ च्या वैध मजकुरात २४४ च्या वरचा बाइट येतच नाही, त्यामुळे २५१ ते २५५ मोकळे राहतात. इस्की ही भारतीय लिप्यांची जुनी संकेतपद्धतदेखील २५० ला थांबते. धोका आहे तो जुन्या फॉन्टवर आधारलेल्या मराठीत, जिथे फॉन्ट बनवणाऱ्याने वरच्या टोकापर्यंतच्या जागांवर काना-मात्रा बसवलेल्या असू शकतात.

ब्लॉकची उघडझाप

इफ, लूप, फॉर, बिगिन केस. यांच्यातलं कोणी उघडं राहिलं की तक्रार शेवटी येते, हे वर म्हटलंच. पण सगळ्यात छळणारा प्रकार उलटा आहे: एंड कमी नसतो, जास्त असतो.

पिक बेसिकमध्ये 'देन' नंतर त्याच ओळीवर काही लिहिलं तर इफ त्या ओळीतच संपतो. देन ओळीच्या शेवटी असेल तरच ब्लॉक सुरू होतो आणि त्याला एंड लागतो. आता हे बघा:

इफ ओलावा > ८ देन कपात = १
कारण = "ओलावा"
एंड

लिहिणाऱ्याच्या मनात तीन ओळींचा ब्लॉक आहे. कंपाइलरच्या लेखी पहिली ओळ पूर्ण झाली, दुसरी ओळ नेहमीच चालणार, आणि तिसऱ्या ओळीवरचा एंड म्हणजे प्रोग्राम संपला. मग खालच्या सगळ्या सबरूटीन त्याला दिसत नाहीत आणि तो वरच्या गोसबना (सबरूटीनकडे पाठवणाऱ्या ओळींना) लेबल सापडत नाही म्हणून रडतो. तुम्ही लेबल शोधत बसता, लेबल तर समोर असतं! तेव्हा असलेलं लेबल नाही म्हणत असेल, तर लेबलाच्या वर एखादा जादा एंड आहे का ते शोधा.

ओपन आणि रीडला देन किंवा एल्सपैकी एक तरी हवंच. रीडयूमध्ये (नोंद वाचून कुलूप लावणाऱ्या आज्ञेत) लॉक्ड घालायचं असेल तर ते देन-एल्सच्या आधी. दोघं दिवाणजी एकच पावती उघडतात म्हणून कुणीतरी घाईत लॉक्ड शेवटी चिकटवतो, आणि कंपाइल अडतं.

मोठ्या प्रोग्राममध्ये उघडा ब्लॉक नजरेने सापडत नसेल तर प्रत घ्या आणि निम्मा भाग तारांकित करून (प्रत्येक ओळीआधी तारा लावून टिप्पणी बनवून) कंपाइल करा, पण तोडताना सबरूटीनच्या सीमेवर तोडा. चूक गेली तर ती तारांकित भागात होती. मग त्या भागाचा निम्मा खुला करा. हजार ओळींचा प्रोग्राम दहा फेऱ्यांत उकलतो. प्रोग्राममध्ये मांडणीच नसेल, सगळ्या ओळी डावीकडे चिकटलेल्या असतील, तर आधी आत-बाहेर सरकवून घ्या. युनिव्हर्सच्या ईडीमध्ये त्यासाठी 'फॉरमॅट' ही आज्ञा आहे. ती चालवली की कोणता एंड कुणाचा ते आपोआप दिसतं, आणि जिथे मांडणी तिरपी होत जाऊन परत डावीकडे येत नाही तिथे ब्लॉक उघडा आहे.

ओळ निर्दोष, तरी चूक

कधी कंपाइलर अशी ओळ दाखवतो की जिच्यात चूक असूच शकत नाही. फॉर दर = १ टू १० सारखी. अशा वेळी ती ओळ सोडा आणि वरच्या इनक्लूड फाइली उघडा. तिथे कुणीतरी

इक्वेट दर टू रेक<४>

लिहून ठेवलेलं असतं. म्हणजे तुम्ही लिहिलं 'दर', कंपाइलरने वाचलं रेक<४>, आणि फॉरच्या फेऱ्यांसाठी ते चालत नाही. ज्या इनक्लूडमध्ये फाइलचे सगळे कॉलम इक्वेट केलेत, त्या इनक्लूडखाली छोटी, सोपी नावं व्हेरिएबलला द्यायची नाहीत, असा नियमच घालून घ्या.

इनक्लूडमधली कॉमन ओळही (प्रोग्रामांत वाटून घेतलेल्या व्हेरिएबलची यादी) तपासा. युनिव्हर्समध्ये कॉमनची यादी स्वल्पविरामाने ओळ संपवून पुढच्या ओळीवर नेता येते. यादीतलं शेवटचं नाव काढलं आणि आधीच्या नावाचा स्वल्पविराम राहिला, तर पुढचं विधान यादीत ओढलं जातं. चूक दिसते प्रोग्रामात, असते इनक्लूडमध्ये.

तारा हे चिन्ह ओळीच्या सुरुवातीला टिप्पणी असतं आणि मध्ये गुणाकार. ओळीअखेर टिप्पणी हवी तर आधी अर्धविराम लागतो. तो विसरून

रक्कम = वजन * दर * हमाली

असं लिहिलं, आणि 'हमाली' ही तुमच्या मते टिप्पणी होती, तर कंपाइलर गुणाकार करून मोकळा होतो. टिप्पणी दोन शब्दांची असेल तर सुदैवाने चूक येते. एकच शब्द असेल तर फक्त 'या व्हेरिएबलला कधी किंमत दिली नाही' असा इशारा येतो, आणि शेतकऱ्याची रक्कम शून्य.

टोकदार कंसांचंही असंच. इफ ए<बी अँड सी>डी ही ओळ तुम्हाला दोन तुलना दिसते. कंपाइलरला ए<...> म्हणजे डायनॅमिक अ‍ॅरेतून काहीतरी काढायचं आहे असं वाटू शकतं. एलटी, जीटी वापरा किंवा प्रत्येक तुलनेला गोल कंस घाला. मी कंस घालतो, रात्री वाचायला सोपं जातं.

बॅकस्लॅशही इथे अवतरणचिन्हच आहे. विंडोजमधला पाथ अवतरणात न घालता लिहिला तर पहिल्या बॅकस्लॅशपासून स्ट्रिंग सुरू होते. गोल कंस लावलेलं नाव डिम केलेलं (आधी आकार सांगितलेलं) नसेल तर युनिव्हर्स 'हा अ‍ॅरे डायमेन्शन केलेला नाही' म्हणतो. पण ते नाव खरं तर तुम्ही लिहिलेलं फंक्शन असेल, तर उपाय डिम नसून वर डेफफन लिहिणं हा आहे. आणि युनिव्हर्समध्ये मोठ्या व छोट्या अक्षरांतली नावं वेगळी असतात, डी-थ्रीच्या नेहमीच्या मांडणीत नसतात. डी-थ्रीवरून आणलेल्या प्रोग्रामात त्यामुळे इशाऱ्यांचा पाऊस पडतो.

बोली बदलली असेल तर

मशीन बदललं, अकाउंट नव्याने बनवलं, आणि मग काही प्रोग्राम कंपाइल होईनात: बोलीवर संशय घ्या. युनिव्हर्सचं अकाउंट बनवतानाच आयडियल, पिक, इन्फॉर्मेशन, रिअ‍ॅलिटी असा फ्लेवर निवडावा लागतो. घाईत एंटर दाबणाऱ्याने कोणता निवडला ते व्हॉकमधल्या 'रेललेव्हल' या नोंदीत दिसतं. जुन्या मशीनचा बॅकअप असेल तर तिथली नोंद काढून ताडून बघा.

प्रोग्रामच्या पहिल्या ओळीवर '$ऑप्शन्स पिक' किंवा जी बोली असेल ती लिहिली की तो प्रोग्राम अकाउंटचा फ्लेवर सोडून त्या बोलीने कंपाइल होतो. युनिडेटात हे काम '$बेसिकटाइप' करतं. माझं मत असं की हे प्रत्येक प्रोग्रामात लिहून ठेवावं, अकाउंटवर विसंबू नये. अकाउंट पुढचा माणूस पुन्हा चुकीचं बनवणारच आहे.

इथला खरा साप म्हणजे लोकेट, यादीत नाव शोधणारी आज्ञा. पिकच्या धाटणीत लोकेट(नाव, यादी, १; जागा) असं कंस-अर्धविरामाने लिहितात, दुसरीकडे लोकेट नाव इन यादी<१> सेटिंग जागा असं. पहिला प्रकार दुसऱ्या बोलीत अडला तर बरंच. पण दुसरा प्रकार दोन बोलींत बिनतक्रार कंपाइल होतो आणि अर्थ वेगळा लावतो. रिअ‍ॅलिटीच्या धाटणीत <१> म्हणजे पहिल्या अ‍ॅट्रिब्यूटमधल्या व्हॅल्यूंत शोध. इन्फॉर्मेशनच्या धाटणीत पहिल्या अ‍ॅट्रिब्यूटपासून पुढे अ‍ॅट्रिब्यूटमागून अ‍ॅट्रिब्यूट शोध. बोली बदललेल्या प्रत्येक सिस्टिमवर सगळे लोकेट शोधून काढा, कंपाइल झाले असले तरी.

कंपाइल झालं, पण चालतंय कोणतं?

प्रोग्राम दुरुस्त केला, तारे आले, चूक नाही. पावती मात्र जुनीच. लोक इथे परत सोर्समध्ये शिरतात. गरज नसते.

आधी कॅटलॉग, म्हणजे प्रोग्राम नावाने चालवता यावा म्हणून केलेली नोंद, बघा. युनिव्हर्समध्ये लोकल कॅटलॉग केलेल्या प्रोग्रामची व्हॉकमधली नोंद ऑब्जेक्टकडे फक्त बोट दाखवते, त्यामुळे नवा ऑब्जेक्ट आपोआप लागू होतो. नॉर्मल किंवा ग्लोबल कॅटलॉगमध्ये मात्र ऑब्जेक्टची प्रत ठेवलेली असते. पुन्हा कॅटलॉग केल्याशिवाय जुनीच प्रत चालते. 'व्हीकॅटलॉग' ही आज्ञा कॅटलॉगमधली प्रत आणि फाइलमधला ऑब्जेक्ट एकच आहेत का ते सांगते. ती वापरा, अंदाज नको. युनिडेटात डायरेक्ट कॅटलॉग बोट दाखवतो, बाकीचे प्रत ठेवतात.

मग जे लोक सकाळपासून आत आहेत त्यांना मेनूतून पूर्ण बाहेर काढून परत आत घ्या. त्यांच्या सेशनमध्ये जुना कोड चढलेला असतो. युनिडेटात 'न्यूपीकोड' आहे, पण काट्यावरच्या माणसाला "एकदा बाहेर निघून परत या दादा" म्हणणं सोपं.

आणि याच्या उलट बाजूही लक्षात ठेवा. कंपाइल अपयशी झाल्यावर जुना ऑब्जेक्ट जागेवर राहिला असेल, तर जिनिंग बिनदिक्कत चालू राहतं आणि कुणालाच कळत नाही की सोर्स मोडलेला आहे. महिन्यांनी दुसरा माणूस एक ओळ बदलतो आणि त्याच्या माथी दुसऱ्याच चुका येतात. म्हणून आपण हात घालण्याआधी, न बदललेला सोर्स कंपाइल होतो का ते प्रतीवर बघून घ्यावं.

सबरूटीनला किती आर्ग्युमेंट पाठवले ते कंपाइलर तपासत नाही. हमालीच्या सबरूटीनमध्ये एक आर्ग्युमेंट वाढवलं तर तिला कॉल करणारे सगळे प्रोग्राम शोधून बदलावे लागतात, नाहीतर दोन्ही बाजू सुरळीत कंपाइल होतात आणि पावती छापताना पडतात. नाव दिलेल्या कॉमनचा आकार बदलला तरी तसंच: ज्या ज्या प्रोग्रामात ती इनक्लूड आहे ते सगळे पुन्हा कंपाइल करा. 'ग्रेप' ने सबरूटीनचं नाव सगळ्या सोर्स डिरेक्टरींत शोधा. बीपी एकच असते असं समजू नका, 'बीपी.जुने', 'बीपी२' अशा नावांनी तीन-चार निघतात.

सगळेच प्रोग्राम पुन्हा कंपाइल करताना

सर्व्हर बदलला की हे एकदा करावंच लागतं. उन्हाळ्यात करा, जिनिंग बंद असताना. मात्र मे महिन्यातल्या दुपारच्या विजेचा भरवसा धरू नका, पहाटे बसा.

कोमो चालू करा. बीपीची निवड करून एकदम 'बेसिक बीपी' द्या, किंवा 'बेसिक बीपी *' द्या. निघालेल्या नोंदीतून तीन याद्या काढा: पडलेले, इशाऱ्यासकट झालेले, स्वच्छ झालेले. पडलेल्यांमध्ये इनक्लूड फाइलीही दिसतील, कारण त्या प्रोग्राम नसतातच. त्या आधी बाजूला काढा म्हणजे आकडा माणसात येतो. उरलेल्यांत एकाच इनक्लूडमुळे पडलेले एकत्र करा. ती एक फाइल सुधारली की पुष्कळदा बरेच उठून उभे राहतात. जे कुणी वापरतच नाही ते प्रोग्राम दुरुस्त करत बसू नका. मेनूच्या नोंदी आणि कॉल बघून कोण जिवंत आहे ते ठरवा.

इशाऱ्यांची यादी मात्र पूर्ण वाचा. 'किंमत कधी दिलीच नाही' असा इशारा आलेलं प्रत्येक नाव एकतर टाइप करताना चुकलेलं असतं, किंवा अर्धविराम हरवलेली टिप्पणी असते, किंवा कॉमनमधून निसटलेलं असतं. युनिव्हर्सवर चालवताना तेच 'आधी किंमत नव्हती, शून्य धरलं' म्हणून परत येतं, आणि डी-थ्रीवर त्याचा क्रमांक बी-१० असतो. दिवाणजी तो संदेश एंटर दाबून घालवत असतात, कितीतरी हंगाम.

शेवटी गेल्या हंगामातल्या एका गर्दीच्या दिवसाच्या पावत्या टेस्ट अकाउंटमध्ये घ्या: एका गाडीच्या, तीन गाड्यांच्या, वेगवेगळ्या दरांच्या, एखादी रद्द केलेली. जुन्या आणि नव्या दोन्हींवर छापा आणि रक्कम, कपात, हमाली ओळीने ताडा. फरक एक रुपयाचा निघाला तरी लाइव्हवर टाकू नका. 'व्हीलिस्ट' ने सोर्सच्या ओळी आणि ऑब्जेक्ट शेजारी ठेवून तो रुपया कोणत्या ओळीतून आला ते शोधा. ताळा जमला की लाइव्हच्या बीपीमध्ये कॉपी, कंपाइल, कॅटलॉग, व्हीकॅटलॉग या क्रमाने जा, आणि जुना सोर्स-ऑब्जेक्ट तारखेच्या नावाच्या डिरेक्टरीत पुढच्या हंगामाच्या अखेरीपर्यंत ठेवा.